बचत गटाचे कर्ज आणि मायक्रोफायनान्सच्या गटाचे कर्ज

गावात आठ-दहा बायका ओसरीवर बसून पैसे मोजताना दिसल्या की पाहणारा 'बचत गटाची बैठक' म्हणून मोकळा होतो. आणि त्या बायकाही कित्येकदा मायक्रोफायनान्स कंपनीच्या, म्हणजे विनातारण छोटी कर्जे देणाऱ्या कंपनीच्या, गटाला बचत गटच म्हणतात. हाताला काम नसलेली बाई स्वतःचा धंदा उभा करू पाहते, तेव्हा हा घोळ तिला फार महागात पडू शकतो.

बचत गटाची सुरुवात कर्जाने नव्हे, बचतीने होते. साधारणपणे दहा ते वीस जणी दरमहा ठरलेली रक्कम जमा करतात. बारा जणींनी शंभर-शंभर रुपये टाकले, तर सहा महिन्यांत ७,२०० रुपये जमतात. त्यातून अंतर्गत कर्ज, म्हणजे गटातल्याच बायकांना दिलेले कर्ज, फिरू लागते आणि त्याचे व्याज गटाकडेच राहते. असे गट बँकांशी जोडण्याचे काम शेती आणि ग्रामीण विकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेने, म्हणजे नाबार्डने, १९९२ मध्ये सुरू केले. महाराष्ट्रात 'माविम' (महिला आर्थिक विकास महामंडळ) आणि 'उमेद' (राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान) त्यांची बांधणी करतात. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेबलेखन ही पंचसूत्री साधारण सहा महिने पाळणाऱ्या गटाला बँक गटाच्याच नावावर कर्ज देते आणि 'उमेद'च्या ग्रामीण गटांना तीन लाखांपर्यंतचे कर्ज सात टक्के व्याजाने मिळू शकते. त्यातले कोणाला किती द्यायचे आणि हप्ता कसा बांधायचा, हे बायका बैठकीत ठरवतात.

कंपनीच्या गटात मात्र कर्ज प्रत्येकीच्या नावावर असते, हप्त्याचे कार्डही प्रत्येकीचे वेगळे असते आणि तारणाऐवजी एकमेकींची हमी घेतली जाते. व्याज बहुधा वर्षाला वीस टक्क्यांच्या पुढे असते आणि ते गावाबाहेर जाते. पैसे लवकर हातात पडतात, ही त्याची खरी सोय आहे, आणि अडलेल्या बाईला ती नाकारता येत नाही.

धंदा कोणता, यावर पुष्कळ अवलंबून आहे. भाजी विकणारीच्या हातात रोज पैसा येतो, त्यामुळे आठवड्याचा हप्ता तिला झेपतो. शेळी मात्र पाच महिने गाभण राहते, करडू विकण्याजोगे व्हायला आणखी काही महिने जातात. कंपनीचा हप्ता मात्र पहिल्या काही आठवड्यांतच सुरू होतो आणि तो मजुरीतून किंवा दुसऱ्या कंपनीचे कर्ज काढून भरला जातो. शेळीसाठी कर्ज हवे असेल, तर सहा महिने थांबावे लागले तरी बचत गटाचाच रस्ता धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्थात एकीने थकवले तर तिथेही साऱ्या गटाची पत खालावते.

कंपनीचे कर्ज घ्यायचेच असेल, तर रिझर्व्ह बँकेचे एप्रिल २०२२ पासूनचे नियम माहीत असू द्यावेत. घरातल्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाता कामा नयेत, मुदतीआधी फेडल्यास दंड लावता येत नाही, आणि सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही.