खलीफा-पोप साम्यकल्पना

कॅथलिक पंथात पोपचे जे स्थान, तेच मुसलमानांत खलीफाचे, ही यूरोपीय मुत्सद्द्यांत रूढ झालेली समजूत. सुन्नी मतानुसार खलीफा हा उम्मतचा (मुस्लिम समुदायाचा) शासक व शरीयतचा (इस्लामी कायद्याचा) रक्षक. नवा धर्मसिद्धांत घालून देण्याचा वा पापक्षमा करण्याचा अधिकार त्याला नाही.

कल्पनेचा उगम वादग्रस्त आहे. 21 जुलै 1774 च्या कुचुक कायनार्जा तहाने क्रिमियाचे तातार ऑटोमन (तुर्की) सत्तेपासून स्वतंत्र झाले. धर्मापुरते मात्र ते सुलतानाला खलीफा मानणार होते. राज्य एकाचे व धर्माधिकार दुसऱ्याचा, ही इस्लामी विधिशास्त्राला अपरिचित विभागणी यूरोपीय तहात बहुधा येथेच प्रथम आली. कैरोतील अखेरचा अब्बासी खलीफा मुतवक्किल याने 1517 च्या सुमारास ऑटोमन सुलतान पहिल्या सलीमला खिलाफत सोपविली, ही कथा यूरोपात पसरली ती त्यानंतर, मुख्यतः ऑटोमन साम्राज्यावरील द'ओसों याच्या ग्रंथामुळे. समकालीन वृत्तांतांत तिला आधार नाही, असे रशियन प्राच्यविद्यापंडित बार्टोल्डने 1912 मध्ये दाखविले. इंग्रज अभ्यासक आर्नल्ड व इटालियन अभ्यासक नाल्लीनो यांचा कलही तिकडेच आहे. तथापि ‘खलीफा’ ही पदवी ऑटोमन सुलतान त्यापूर्वीही लावीत असत, हे लक्षात घेता सारा भार तहाच्या मसुदाकारांवर टाकणे अतिरेकाचे ठरेल.

बॉस्निया (1909) व लिबिया (1912) ऑटोमनांच्या हातून गेले, तरी तेथील खुतब्यात (शुक्रवारच्या प्रवचनात) खलीफा म्हणून सुलतानाचे नाव राखण्याची तरतूद झाली. नाल्लीनोने खिलाफतीच्या स्वरूपावरील टिपण इटलीच्या परराष्ट्र खात्यासाठी लिहिले ते पहिल्या महायुद्धात. म्हणजे लिबियाचा तह तोवर होऊन गेला होता. 1899 मध्ये अमेरिकी राजदूत स्ट्राउस याने फिलिपीन्समधील सूलूच्या मुसलमानांसाठी, त्यांनी अमेरिकी सत्तेला विरोध करू नये असा, सुलतान दुसऱ्या अब्दुल हमीदकडून संदेश मिळविला. त्याच्या परिणामाविषयीचे वर्णन बव्हंशी स्ट्राउसच्याच आठवणींवर विसंबून असल्याने ते जपून घ्यावे.

जर्मनीने याच गृहीतावर सुलतानाच्या 1914 च्या जिहाद-घोषणेवर भिस्त ठेवली; व्यापक उठाव झाला नाही. ब्रिटिशांचा हिशेबही त्याच जातीचा होता. ब्रिटिश युद्धमंत्री किचनरने त्याच वर्षी मक्केचा शरीफ हुसेन याला अरब खलीफाची शक्यता सुचविली. उलट हिंदुस्थानातील मुसलमानांचा ओढा इस्तंबूलकडे होता. 1919 मध्ये मुंबईत खिलाफत समिती स्थापन झाली. महायुद्धानंतर तुर्कस्तानवर लादलेला सेव्हर तह सौम्य करावा, ही व्हाइसरॉयची तार प्रसिद्ध केल्यामुळे 1922 मध्ये भारतमंत्री माँटेग्यूला पद सोडावे लागले.

3 मार्च 1924 रोजी तुर्कस्तानने खिलाफत रद्द केली. त्याच महिन्यात हुसेनने स्वतःस खलीफा घोषित केले. ब्रिटनने पाठबळ दिले नाही आणि ऑक्टोबरमध्ये मक्का नज्दचा शासक इब्न सौद याच्या फौजांच्या हाती पडली.