नववा क्रमांक: ऑल-स्टार संघ ठरवणारं गणित

डब्ल्यूएनबीए ही अमेरिकेतली महिलांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग, आणि ऑल-स्टार हा तिच्या निवडक खेळाडूंचा सामना. २०२५ च्या ऑल-स्टार मतदानाच्या निकालात इंडियाना फीव्हर संघाच्या केटलिन क्लार्कच्या नावापुढे तीन आकडे होते: १, ३ आणि ९. गार्ड खेळाडूंमध्ये चाहत्यांच्या मतांत ती पहिली, क्रीडापत्रकारांच्या मतांत तिसरी आणि ज्यांच्याशी ती मैदानात भिडते त्या खेळाडूंच्या मतांत नववी. या ९ वरून अमेरिकेत रणधुमाळी माजली. खेळाडू तिच्यावर जळतात, असं एका बाजूचं म्हणणं. चाहत्यांना खेळ कळत नाही, असं दुसऱ्या बाजूचं. हा ९ मुळात तयार कसा होतो, हा प्रश्न त्या गदारोळात मागेच पडला. खरं तर महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉलमधला सगळ्यात मानाचा संघ कसा निवडला जातो, हे समजायला तोच सगळ्यात चांगला धागा आहे.

आधी कृती पाहू. पहिल्या दहा जणींच्या, म्हणजे दोन्ही संघांत मिळून सामन्याच्या सुरुवातीला उतरणाऱ्यांच्या निवडीत चाहत्यांच्या मताला ५० टक्के वजन असतं, खेळाडूंना २५ आणि पत्रकारांना २५. प्रत्येक मतपत्रिकेवर ४ गार्ड आणि ६ फ्रंटकोर्ट खेळाडूंची नावं येतात. गार्ड म्हणजे चेंडू पुढे आणणाऱ्या, पास देणाऱ्या, बहुधा लांबून नेम साधणाऱ्या. फ्रंटकोर्ट म्हणजे फॉरवर्ड आणि सेंटर, बास्केटच्या आसपास उंचीचा आणि ताकदीचा खेळ करणाऱ्या. तिन्ही गटांची मतं वेगवेगळी मोजतात आणि प्रत्येक गटातून खेळाडूचा क्रमांक काढतात. मग चाहत्यांचा क्रमांक दुप्पट करायचा, त्यात उरलेले दोन मिळवायचे आणि बेरजेला ४ ने भागायचं. क्लार्कची बेरीज २ + ३ + ९ = १४, म्हणून गुण ३.५. गुण जितके कमी तितकं स्थान वरचं. तिला ३.५ पुरले आणि ती पहिल्या दहांत आली.

या सूत्रात मतं कुठेच नाहीत, फक्त क्रमांक आहेत. पुढचं सगळं चांगलं-वाईट यातूनच निघतं.

मतांऐवजी क्रमांक घेण्यामागे कारण होतं. डब्ल्यूएनबीए १९९७ मध्ये सुरू झाली आणि पहिला ऑल-स्टार सामना १४ जुलै १९९९ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झाला. पश्चिम विभागाने पूर्वेला ७९-६१ असं हरवलं आणि लिसा लेस्ली सर्वोत्तम खेळाडू ठरली. तेव्हा सुरुवातीचे पाच जण थेट चाहत्यांच्या मतांवर ठरत. पुरुषांच्या एनबीएमध्येही हीच रीत होती. २०१६ मध्ये तिथे झाझा पाचुलिया हा जॉर्जियाचा कष्टाळू पण मधल्या फळीचा सेंटर मायदेशातून आणि समाजमाध्यमांतून आलेल्या मतांच्या लाटेवर थेट पहिल्या पाचांत पोचता पोचता राहिला, फक्त १४,२२७ मतांनी. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, दोन्ही लीगनी ५०-२५-२५ ची वाटणी स्वीकारली.

चाहत्यांचं मतदान किती फुगू शकतं याचा हिशेब करून बघा. २०२५ मध्ये ते १२ ते २२ जून असे ११ दिवस चाललं. दर दिवशी एक पूर्ण मतपत्रिका भरता येते आणि काही ठरावीक दिवशी मताची किंमत दुप्पट होते. क्लार्कला १२,९३,५२६ मतं पडली. पण रोज न चुकता मत देणारी माणसं असतील, तर एवढ्या मतांना एक लाखाच्या आसपास माणसंही पुरतात. दुसऱ्या क्रमांकाच्या नफीसा कॉलियरला ११,७६,०२० मतं होती. दोघींत १,१७,५०६ मतांचं अंतर, पण क्लार्क गार्ड आणि कॉलियर फ्रंटकोर्ट, त्यामुळे दोघींनाही आपापल्या गटात चाहत्यांचा क्रमांक १ मिळाला. एखाद्या खेळाडूच्या चाहत्यांनी रात्र रात्र जागून आणखी पाच लाख मतं ओतली, तरी पहिल्याच्या वर क्रमांक नाही. मतांच्या पुरासमोर क्रमांक हा बांध आहे, आणि चाहत्यांच्या मतांसाठी तो अगदी योग्य आहे.

खेळाडूंच्या मतांना मात्र हाच बांध अडचणीचा ठरतो. २०२५ मध्ये संघ १३ होते आणि एका संघात जास्तीत जास्त १२ खेळाडू, म्हणजे मतदार फार तर १५६ च्या आसपास. प्रत्येकीने ४ गार्ड निवडायच्या, म्हणजे गार्डांच्या वाट्याला जेमतेम ६२४ मतं. यातला मोठा हिस्सा पहिल्या चार-पाच नावांवर जातो. उरलेली मतं पुढच्या पंचवीस-तीस जणींत वाटली गेली, की सहाव्या आणि दहाव्या जागेतलं अंतर चार-दोन मतांचं असू शकतं. दहावीच्या निकालात पहिली दोन मुलं एका मार्काने पुढे-मागे असोत की वीस मार्कांनी, यादीत १ आणि २ एवढंच दिसतं, तसंच हे. नववी म्हणजे ‘खेळाडूंनी नाकारलेली’ असेल किंवा ‘सहावीपेक्षा तीन मतांनी मागे’ असेल. क्रमांकाला हा फरक सांगताच येत नाही. आणि किंमत मात्र पूर्ण मोजावी लागते: क्लार्क खेळाडूंत सहावी असती तर तिचे गुण २.७५ झाले असते.

आता याहून खोल दोष. तीन काल्पनिक गार्ड घेऊ: क, ख आणि ग. चौथ्या आणि शेवटच्या जागेसाठी चुरस आहे. क चाहत्यांत २, पत्रकारांत ५, खेळाडूंत ५; तिचे गुण (४ + ५ + ५) ÷ ४ = ३.५. ख चाहत्यांत ५, पत्रकारांत २, खेळाडूंत ३; तिचे गुण (१० + २ + ३) ÷ ४ = ३.७५. क निवडली जाते. ग तिन्ही याद्यांत मागे-पुढे आहे: चाहत्यांत ३, पत्रकारांत ६, खेळाडूंत ६, गुण ४.५. म्हणजे ती शर्यतीतच नाही. पण समजा मतदानाआधीच तिचा गुडघा गेला आणि तिचं नाव यादीतून काढलं. पत्रकार आणि खेळाडूंच्या यादीत ती क आणि ख दोघींच्या खाली होती, तिथे काहीच हललं नाही. चाहत्यांच्या यादीत मात्र ती दोघींच्या मध्ये होती. ती गेल्यावर ख पाचवीची चौथी झाली. नवे गुण (८ + २ + ३) ÷ ४ = ३.२५. क ३.५ वरच. आता निवड ख ची!

क आणि ख बद्दल एकाही मतदाराने मत बदललेलं नाही. जी जिंकणारच नव्हती तिच्या असण्या-नसण्यावर निकाल फिरला. क्रमांकांची बेरीज करणाऱ्या पद्धतींचं हे जुनं दुखणं आहे. फ्रान्समध्ये जाँ-शार्ल द बोर्दा याने १७७० मध्ये विज्ञान अकादमीपुढे पसंतीक्रमाला गुण देण्याची पद्धत मांडली होती, आणि कोंदोर्से याने १७८५ मध्ये मतमोजणीतले विरोधाभास उलगडून दाखवले. १९५१ मध्ये केनेथ अ‍ॅरो याने गणिताने सिद्ध केलं, की तीन किंवा अधिक उमेदवार असतील तर पसंतीक्रमांतून सामूहिक क्रम लावणारी कोणतीही पद्धत काही साध्या, न्याय्य वाटणाऱ्या अटी एकाच वेळी पाळू शकत नाही. तिसऱ्याच्या येण्या-जाण्याने दोघांतला निकाल बदलू नये, ही त्यातलीच एक अट.

बरोबरीचा नियमही लक्षात घेण्यासारखा आहे. बेरजेला ४ ने भागल्यामुळे गुण पाव-पाव च्या पायऱ्यांनीच वाढतात: ३.२५, ३.५, ३.७५. पायऱ्या मोजक्या, म्हणून बरोबरी सहज होते. ती फोडायची चाहत्यांच्या मतांनी. म्हणजे कागदावर चाहत्यांचं वजन ५० टक्के असलं तरी काठावरच्या जागेसाठी ते त्याहून जास्त भरतं.

मला स्वतःला वाटतं, चाहत्यांसाठी क्रमांक ठेवावा आणि खेळाडू-पत्रकारांसाठी मतांचा टक्का वापरावा. त्या दोन गटांत एका माणसाची एकच मतपत्रिका असते, मतं फुगायची भीती नाही, मग बांध कशाला? टक्का वापरला तर तीन मतांचं अंतर तीन मतांएवढंच राहील.

मतपत्रिका भरणाऱ्यासमोर अडचण वेगळी असते: मत द्यायचं कशावर? २०२५ चा हंगाम १६ मे ला सुरू झाला, सामने ४४, आणि २२ जूनला चाहत्यांचं मतदान संपलं तेव्हा डझनभराच्या आसपास सामने झालेले. एवढ्या थोड्या खेळावरून टक्केवारी काढली की ती हेलकावे खाते. समजा एक गार्ड तीन गुणांच्या फटक्यांत खरोखर ३५ टक्क्यांची आहे आणि सामन्यात सहा फटके मारते. तेरा सामन्यांत सुमारे ८० फटके झाले. यातली प्रमाण त्रुटी, म्हणजे निव्वळ योगायोगाने आकडा साधारण किती हलू शकतो ते, काढायला ०.३५ गुणिले ०.६५ करायचं, ८० ने भागायचं आणि वर्गमूळ घ्यायचं. उत्तर ५.३ टक्के. म्हणजे तीच खेळाडू, त्याच हातांनी, कधी ३० टक्क्यांची वाटेल आणि कधी ४० ची. तीनपैकी एका वेळी तर ती याही पट्ट्याच्या बाहेर दिसेल. पूर्ण हंगामात २६४ फटके झाले की त्रुटी २.९ वर येते. जूनमधल्या ‘काय फॉर्म आहे!’ मध्ये नशिबाचा वाटा किती, हे या वर्गमुळात दिसतं.

दुसरी फसगत म्हणजे नुसते गुण बघणं. दोघींनी २०-२० गुण केले. एकीने मैदानातून १६ फटके मारले आणि ५ फ्री थ्रो (फाऊलबद्दल मिळणारे, एका गुणाचे मोकळे नेम) घेतले. दुसरीने १२ फटके आणि ६ फ्री थ्रो. नेमबाजीची खरी टक्केवारी काढताना गुणांना भागायचं ते (फटके + ०.४४ × फ्री थ्रो) च्या दुपटीने. पहिलीची येते ५४.९ टक्के, दुसरीची ६८.३. दुसरीने संघाचे कितीतरी ताबे, म्हणजे चेंडू हाती असण्याच्या पाळ्या, वाचवले. यातला ०.४४ कुठून येतो? दोन फ्री थ्रो म्हणजे साधारण एक ताबा, म्हणून आकडा अर्धा असायला हवा होता. पण बास्केट झाल्यावर मिळणारा जादा फ्री थ्रो किंवा टेक्निकल फाऊलचा फ्री थ्रो नवा ताबा खर्च करत नाही, म्हणून सरासरी थोडी खाली येते. बचाव, स्क्रीन लावणं (सहकाऱ्याला मोकळं करायला प्रतिस्पर्ध्याची वाट अडवणं), योग्य वेळी योग्य जागी उभं राहणं यांना असा सुटसुटीत आकडाच नाही. तिथे खेळाडू आणि प्रशिक्षकांची नजरच लागते.

म्हणूनच पुढच्या १२ राखीव जागा प्रशिक्षकांकडे आहेत. सगळ्या संघांचे मुख्य प्रशिक्षक मत देतात: ३ गार्ड, ५ फ्रंटकोर्ट आणि ४ कुठल्याही जागेवरच्या. स्वतःच्या संघातल्या खेळाडूला मत द्यायची मनाई. दर आठवड्याला प्रतिस्पर्ध्यांची चित्रफीत थांबवून थांबवून बघणारी ही माणसं आहेत, आणि त्यांच्या निवडीत ते दिसतं. २०२५ मध्ये वॉशिंग्टन मिस्टिक्सच्या सोनिया सिट्रॉन आणि किकी इरियाफेन या दोघी नवोदित राखीव खेळाडू म्हणून आल्या त्या याच दारातून.

विभागांची अट मात्र लीगने काढली ते बरंच झालं. पूर्व विरुद्ध पश्चिम असे पहिले सहाही सामने पश्चिमेने जिंकले होते. पूर्वेचा पहिला विजय थेट २००६ चा. ताकद एका बाजूला गोळा झाली असताना दोन्हीकडून सारखीच डोकी मोजायची, तर पश्चिमेची चांगली खेळाडू घरी बसते. २०१८ पासून २२ जणी विभाग न बघता निवडतात आणि दोन कर्णधार त्या आपसांत वाटून घेतात. ऑलिंपिकच्या वर्षी रचना वेगळी: २०२१ आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संघासमोर लीगचा निवडक संघ उतरला आणि दोन्ही वेळा लीगचाच संघ जिंकला.

कर्णधार ठरवताना सूत्र लागत नाही, तिथे चाहत्यांची सर्वाधिक मतं मिळवणाऱ्या दोघी येतात. २०२५ मध्ये त्या क्लार्क आणि कॉलियर होत्या. क्लार्कने पहिली निवड केली ती इंडियाना फीव्हरमधल्या आपल्याच सहकारी आलिया बोस्टनची. सामना १९ जुलैला इंडियानापोलिसला, क्लार्कच्या घरच्या मैदानावर होता, पण चार दिवस आधी जांघेचा स्नायू दुखावल्याने ती खेळू शकली नाही. कॉलियरच्या संघाने १५१-१३१ असा विजय मिळवला, त्यात कॉलियरचे एकटीचे ३६ गुण, ऑल-स्टार सामन्यातला विक्रम. जखमी खेळाडूच्या जागी कोण येणार, यासाठी पुन्हा मतं मोजत नाहीत आणि क्रमांकही बघत नाहीत. ते नाव लीगच्या आयुक्त ठरवतात.