थरच्या वाटेवर मोटरसायकल: घाम, हवा आणि वाळू

मराठवाड्यातल्या माणसाला ऊन म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. परभणी, नांदेड, जालना या भागांत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंश सेल्सिअसवर जातो, तरीही डोक्याला रुमाल गुंडाळून दुचाकीवरून तालुक्याची कामे उरकली जातात. त्यामुळे मोटरसायकलवरून राजस्थानातल्या थर वाळवंटापर्यंत जाण्याचा बेत ठरला की, ‘ऊन तर आपल्या सवयीचेच आहे’ असा विश्वास मंडळींच्या बोलण्यात सहज येतो. हा विश्वास अर्धाच खरा आहे. आपली सवय तास-दोन तासांच्या फेरीची असते. छत्रपती संभाजीनगरहून जैसलमेर, कोणत्या मार्गाने जातो त्यानुसार, बाराशे ते तेराशे किलोमीटर अंतरावर आहे. तिथवर पोहोचायला रोज सात-आठ तास असे सलग काही दिवस वाऱ्यात बसावे लागते आणि त्या कोरड्या वाऱ्यात शरीर एरवी देत असलेले इशारे उशिरा मिळतात किंवा मिळतच नाहीत. म्हणून अशा प्रवासाच्या नियोजनात पाण्याचा हिशेब सर्वांत आधी मांडावा आणि मुक्काम व रस्ते त्यानंतर ठरवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

कन्नडचा औट्रम घाट उतरून चाळीसगाव, धुळे, सेंधवा, इंदूर असे गेले, तर माळव्यापर्यंत आपलीच काळी माती सोबत करते. पुढे चित्तोड मागे पडले की जमिनीचा रंग पालटत जातो आणि जोधपूरच्या पश्चिमेला खरा कोरडा प्रदेश सुरू होतो. मराठवाड्यात दुष्काळाची चर्चा कायम असली तरी येथे सरासरीने वर्षाला ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो; जैसलमेरच्या वाट्याला २०० मिलिमीटरही येत नाही. अरबी समुद्रावरून येणाऱ्या मोसमी वाऱ्यांच्या दिशेला अरवलीची रांग जवळपास समांतर असल्याने ती त्यांना अडवून वर चढवत नाही, शिवाय या प्रदेशावर उंचावरून उतरणारी कोरडी हवा ढगांची वाढ खुंटवते. जोधपूर-जैसलमेर पट्ट्यातल्या फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. सहलीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ योग्य आहे. मुलांच्या सुट्ट्यांसाठी मे महिन्यात थरला निघणाऱ्यांनी तो बेत सोडून द्यावा.

आता पाण्याकडे वळू. बाहेरची हवा त्वचेपेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा, थंड असते तोवर वारा अंगातली उष्णता वाहून नेतो. हवेचे तापमान त्यापुढे गेले की व्यवहार उलटा होतो आणि तोच वारा शरीराला उष्णता देऊ लागतो. गाडीचा वेग जितका जास्त, तितकी ही आवक जास्त. त्या वेळी शरीराजवळ उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घामाचे बाष्पीभवन. घरातला माठ उन्हाळ्यात ज्या कारणाने पाणी गार करतो, तेच कारण येथेही आहे: पाझरलेले पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता निघून जाते. शरीराची ही सोय अतिशय कार्यक्षम आहे, मात्र तिच्यासाठी पाणी खर्च होते आणि ते कोठून तरी भरून यावे लागते.

कोरड्या हवेत हा खर्च दिसत नाही. कोकणात किंवा मुंबईत घामाने शर्ट अंगाला चिकटतो आणि आपण आपोआप पाणी मागतो. थरमध्ये ताशी ८० किलोमीटरच्या वाऱ्यात घाम त्वचेवर येताक्षणी उडून जातो, शर्ट कोरडाच राहतो आणि चालकाला आपल्याला घाम येतच नाही असे वाटते. संध्याकाळी गडद रंगाच्या कपड्यावर पाठीच्या व काखेच्या बाजूला उमटलेल्या पांढऱ्या क्षाररेषा तेवढी खूण देतात, पण तोवर उशीर झालेला असतो. कडक उन्हात तासाला लिटरभर घाम जाणे अवघड नाही. शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के पाणी कमी झाले, म्हणजे ७० किलोच्या माणसाचे जेमतेम दीड लिटर गेले, की लक्ष विचलित होऊ लागते आणि निर्णय मंदावतात. दुचाकीवर या अवस्थेचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको. थंडीच्या दिवसांत घाम कमी असला तरी कोरडी हवा श्वासावाटे आणि त्वचेवाटे पाणी नेतच असते, आणि थंडीत तहान आणखी कमी जाणवते.

आपल्या शरीराचा हा खर्च किती आहे, ते मराठवाड्यातच मोजता येते आणि हा प्रयोग प्रत्येकाने करावा असे मला मनापासून वाटते. एखाद्या कोरड्या, उन्हाच्या दिवशी तीन-चार तासांच्या फेरीवर निघण्यापूर्वी अगदी कमी कपड्यांत वजनकाट्यावर उभे राहावे आणि परतल्यावर अंग पुसून पुन्हा वजन करावे. जितके किलो वजन घटले त्यात वाटेत प्यायलेले पाणी मिळवले आणि लघवीवाटे गेलेले वजा केले, की घाम आणि श्वास यांवाटे गेलेल्या पाण्याचा लिटरमधला आकडा हाती येतो. त्याला तासांनी भागले की पिशवीत किती पाणी ठेवायचे आणि किती अंतराने थांबायचे, हे अंदाजाऐवजी मापाने ठरते.

नुसते पाणी मात्र पुरत नाही, कारण घामाबरोबर सोडियमही जाते. दिवसभर भरपूर घाम आणि केवळ साधे पाणी असे चालले तर रक्तातले सोडियम विरळ होते; डोकेदुखी, मळमळ, गोंधळ अशी लक्षणे दिसतात आणि ती पाण्याच्या कमतरतेची समजून माणूस आणखी पाणी पितो. जलसंजीवनी येथे उपयोगी पडते. लहान आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम एकत्र शोषले जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढले जाते, हे त्यामागचे तत्त्व आहे. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना असे द्रावण पाजून असंख्य जीव वाचवले. औषधाच्या दुकानातली पाकिटे वजनाला काहीच नसतात, ती सोबत ठेवावीत. ती संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ चालते. आपल्याकडचे मीठ घातलेले ताकही वाटेत उत्तम. सोबतचा चालक असंबद्ध बोलू लागला, त्याचा तोल जाऊ लागला आणि अंग चटका बसावा इतके तापले, तर तो उष्माघात समजून त्याला सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

कपड्यांचा नियमही वरच्या भौतिकशास्त्रातूनच निघतो. ३५ अंशांखाली जाळीचे जॅकेट सुखाचे असते. हवा ४० अंशांच्या वर गेली की उघडी छाती आणि आखूड बाह्या गरम वाऱ्याला थेट अंगाशी आणतात, आणि घाम त्वचेला गारवा देण्याऐवजी हवेत उधळला जातो. अशा वेळी जॅकेट बंद ठेवून आत ओला केलेला सुती सदरा घालणे आणि मानेभोवती ओले उपरणे गुंडाळणे चांगले; कमी हवा, पण ओलाव्यावरून जाणारी हवा, हे सूत्र आहे. रात्रीचे गणित वेगळे आहे. कोरड्या, निरभ्र हवेत जमिनीची उष्णता अडवणारी वाफ आणि ढग नसतात, वाळूही उष्णता खोलवर साठवत नाही, त्यामुळे जानेवारीत जैसलमेरचे किमान तापमान आठ अंशांच्या आसपास येते. आठ अंशांच्या हवेत ताशी ८० च्या वेगाने जाणाऱ्या चालकाच्या उघड्या त्वचेला ते दोन अंशांसारखे लागते. बधिर बोटांनी क्लच आणि ब्रेक सांभाळणे धोक्याचे असल्याने हिवाळी हातमोजे सामानाच्या तळाशी न ठेवता वरच ठेवावेत.

घड्याळाकडेही लक्ष हवे. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे, तर जैसलमेर ७१ अंशांच्या जवळ. एका अंशाला चार मिनिटे धरली तर तेथला सूर्य घड्याळाच्या सुमारे ४६ मिनिटे मागे चालतो, म्हणजे संभाजीनगरच्याही जवळपास १७ मिनिटे मागे. डिसेंबरात तेथे साडेसातच्या सुमारास सूर्य उगवतो आणि दुपारचे कमाल तापमान तीन-चार वाजेपर्यंत पुढे सरकते. मराठवाड्याच्या सवयीने पहाटे सहाला निघालो तर दीड तास अंधार व गारठ्यात जातो, आणि त्याच वेळी रस्त्यावर उंट व गुरे असतात. साडेसातला निघून लवकर मुक्काम गाठणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

इंधनाचे थोडक्यात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० ऐवजी १०० ने गेलो तर तो दीडपटीहून अधिक होतो आणि गाडीचे अॅव्हरेज पडते. जैसलमेरहून सीमेजवळचे तनोट सुमारे १२० किलोमीटर, जाऊन-येऊन २४०; एवढ्या अंतराला टाकी पुरेल का, ते आधी पाहावे. सामान लादून संभाजीनगर ते लातूर अशी एक चाचणी फेरी करावी आणि तेव्हाचे अॅव्हरेज खरे धरावे; कंपनीच्या पत्रकातला आकडा येथे कामाचा नाही.

टायरमधील हवेविषयी गैरसमज फार आहेत. समजा सकाळी २० अंशांना हवा ३३ पीएसआय (दाब मोजण्याचे एकक) भरली. महामार्गावर टायर ६० अंशांवर गेला की आतल्या हवेचा दाब निरपेक्ष, म्हणजे उणे २७३ अंशांपासून मोजलेल्या, तापमानाच्या प्रमाणात वाढून गेज ३९ च्या पुढे दाखवतो. पाहणारा घाबरून हवा सोडतो आणि काटा पुन्हा ३३ वर आणतो. दुसऱ्या दिवशी पहाटे दहा अंशांच्या थंडीत तोच टायर २६ पीएसआयवर आलेला असतो. मऊ टायर चालताना अधिक दबतो, सतत दबण्या-फुलण्याने रबर आतून तापते आणि फुटण्याचा धोका वाढतो. म्हणून हवा टायर गार असतानाच मोजावी, आणि छोटे डिजिटल गेज स्वतःचे बाळगावे.

वाळूत हाच दाब मुद्दाम कमी करतात. मागच्या चाकावर १६० किलो भार असेल, तर ३३ पीएसआयला टायर साधारण ७० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतो. १८ पीएसआयला ती जागा जवळपास दुप्पट होते आणि चाक रुतण्याऐवजी वर राहते. ब्रिटिश लष्करी अभियंता राल्फ बॅग्नोल्ड याने १९३० च्या सुमारास लिबियाच्या वाळवंटात साध्या फोर्ड मोटारी अशाच उतरवलेल्या हवेवर शेकडो किलोमीटर नेल्या आणि पुढे वाऱ्याने वाहणाऱ्या वाळूचे शास्त्रच उभे केले. ट्यूबचा टायर मात्र फार उतरवू नये, कारण तो रिमवर सरकतो आणि व्हॉल्व्हचा दांडा तुटतो. डांबरी रस्त्यावर परतताच पंपाने हवा पुन्हा भरावी. गाडी टेकड्यांवर घालण्याचा मोह जागा पाहून करावा: राष्ट्रीय मरू उद्यानाच्या माळांवर माळढोक पक्षी जगतो आहे, जो आपल्या सोलापूर-धाराशिवच्या बाजूने जवळपास दिसेनासा झाला, आणि तेथे वाटेबाहेर एक चाकही जाऊ नये.

बॅग्नोल्डनेच दाखवले की वाऱ्याने वाळू आभाळभर उडत नाही. तिचे कण उड्या मारत सरकतात आणि बहुतेक कण जमिनीपासून काही सेंटिमीटर ते जास्तीत जास्त मीटरभर उंचीच्या थरात असतात. मोटरसायकलची चेन नेमकी याच थरात फिरते. वाळूतले क्वार्ट्झ, म्हणजे गारेचे खनिज, साध्या पोलादावर ओरखडा काढण्याइतके कठीण असते, आणि चेनवर दाट ग्रीस लावलेले असेल तर वाळूचे कण त्यात अडकून घासण्याचा लेप तयार होतो, जो चेनमधली रबरी सील आणि स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाचे, दात झपाट्याने झिजवतो. वाळवंटापुरते वाळल्यावर न चिकटणारे, मेणाचे चेन लूब (वंगण) वापरावे. संध्याकाळी मुक्कामी चेन आधी कोरड्या फडक्याने पुसावी, मग रॉकेलने ओलसर केलेल्या फडक्याने, आणि सुकल्यावरच पातळ थर द्यावा. एअर फिल्टरही त्याच वेळी उघडून पाहावा, आणि परतीच्या वाटेवर जोधपूर सोडण्यापूर्वी तो बदलून घ्यावा.