रिपोर्टात ‘नळीजवळ गाठ’ लिहिलंय? आधी हे वाचा

आमच्या सोनोग्राफी-एक्स-रे केंद्रात रिपोर्ट हातात पडला की ‘गाठ’ हा एकच शब्द डोळ्यांत भरतो आणि काउंटरवर विचारणा होते, ‘‘कॅन्सर तर नाही ना?’’ ही ‘नळी’ म्हणजे गर्भनलिका, स्त्रीबीज अंडाशयाकडून गर्भाशयात नेणारी. तिचा कॅन्सर दुर्मीळ आहे. नळीला बाहेरून लोंबणारी पाण्याची छोटी सिस्ट मात्र बऱ्याच जणींना असते. ती फार वाढली नाही, तिला पीळ पडला नाही, तर दिवस राहण्याच्या आड ती सहसा येत नाही.

खरी अडचण नळीच्या आत असते. नळी १०-१२ सेंटिमीटर लांब, पण गर्भाशयाला मिळते तिथे तिचं भोक जेमतेम १ मिलिमीटर. तिथे कधी बारीक पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तराचा छोटा कोंब, सापडतो. पण मूल न होण्याचं खापर सरसकट त्याच्यावर फोडता येत नाही. त्याच भागात नळी गाठाळ, जाड झाली असेल तर मात्र गर्भ नळीतच अडकण्याचा धोका वाढतो. पाळी चुकली आणि एका बाजूला जोराचं दुखू लागलं, भोवळ आली, तर आमच्याकडे अपॉइंटमेंट घेत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

सगळ्यात त्रासदायक हायड्रोसाल्पिंक्स. क्लॅमिडिया (शरीरसंबंधातून होणारा संसर्ग), टीबी अशा जुन्या, कित्येकदा कळलेल्याही नसलेल्या संसर्गाने नळीचं टोक चिकटतं, आत पाणी साचतं आणि स्क्रीनवर ती लांबट फुग्यासारखी दिसते. हे पाणी उलटं गर्भाशयात झिरपतं. त्यामुळे टेस्ट ट्यूब बेबीचं यश जवळपास निम्म्यावर येतं. म्हणूनच डॉक्टर आधी अशी नळी काढायला किंवा बंद करायला सांगतात. मूल हवं म्हणून नळीच काढायची, हे ऐकायला उफराटं वाटतं खरं.

न फुगलेली नळी साध्या सोनोग्राफीत बहुधा दिसतच नाही. म्हणजे ‘सोनोग्राफी नॉर्मल’ याचा अर्थ ‘नळ्या मोकळ्या’ असा नव्हे. त्यासाठी डाय टेस्ट, म्हणजे एचएसजी: गर्भाशयात एक्स-रेवर दिसणारं औषध सोडून ते नळ्यांतून पुढे जातं का, हे पाहायचं. रक्तस्राव थांबल्यावर, साधारण पाळी सुरू झाल्यापासून सहाव्या ते दहाव्या दिवसात. पाळीसारख्या कळा येतात, थोड्या वेळाने ओसरतात. तपासणीच्या वेळी नळी आकसली तर मोकळी असूनही बंद दिसू शकते. तेवढ्यावरून ऑपरेशनची घाई नको. आणि पतीची वीर्यतपासणी झाली नसेल तर ती आधी उरका. ती सोपी असूनही मागे राहते.

ताप, घाण वासाचा स्राव, औषधाची ॲलर्जी किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर तपासणीपूर्वी सांगा. येताना जुन्या फिल्म आणा, नुसते कागद नकोत.