विन घराण्याचं दप्तर: वेल्सच्या जमीनदारांची पत्रं आणि मुंबईचा एक धागा

एल्फिन्स्टन आणि माल्कम ही नावं मराठी वाचकाला शाळेपासून माहीत असतात. त्यांच्या वर लंडनमध्ये कोण बसलं होतं, याची चौकशी मात्र सहसा कुणी करत नाही. १८२२ ते १८२८ या काळात तिथे चार्ल्स वॉटकिन विल्यम्स विन बसला होता. ईस्ट इंडिया कंपनीवर सरकारतर्फे देखरेख ठेवणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलचा तो अध्यक्ष. वेल्सच्या एका बड्या जमीनदाराचा मधला मुलगा आणि मॉन्टगोमरीशर परगण्याचा १७९९ पासून १८५० मध्ये मरेपर्यंत सलग ५१ वर्षं खासदार. त्याचे आणि त्याच्या घरच्यांचे बरेच कागद आज अ‍ॅबरिस्टविथला, वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. त्यातला मोठा गठ्ठा कोएडमाएन या गढीच्या नावाने ओळखला जातो. ही गढी चार्ल्सच्या वंशजांची.

आधी घराणं समजून घ्यायला हवं. विनस्टे ही त्यांची मूळ वास्तू, उत्तर वेल्समध्ये रुआबॉन गावाजवळ. घराण्याचा पाया एका वकिलाने घातला. सर विल्यम विल्यम्स १६८० मध्ये इंग्लंडच्या कॉमन्स सभेचा सभापती झाला, पुढे राजाचा सॉलिसिटर जनरल झाला आणि त्या कमाईतून जमिनी घेत गेला. त्याच्या नातवाला, वॉटकिनला, १७१९ मध्ये आईकडच्या नात्याने विनस्टेची जहागीर मिळाली आणि त्याने विन हे नाव जोडून घेतलं. विन हे ग्विडिरचं जुनं, प्रतिष्ठित घराणं. त्यातल्या सर जॉन विनने (१५५३–१६२७) स्वतःच्या कुळाचा इतिहास लिहून ठेवला होता, आणि त्याच्या पिढ्यांच्या पत्रांची छापील सूची १९२६ मध्ये निघाली. म्हणजे कागद जपण्याची खोड नावासोबतच आली, असं म्हणायला हरकत नाही.

जपण्याची, आणि जाळण्याचीसुद्धा. हा पहिला सर वॉटकिन गादी गमावलेल्या स्ट्युअर्ट राजवंशाचा पाठीराखा होता. स्ट्युअर्टांना पुन्हा गादीवर बसवण्यासाठी झालेल्या १७४५ च्या बंडात त्याने उघड तलवार उपसली नाही, पण बंडखोरांशी त्याचा संपर्क होता याबद्दल इतिहासकारांना शंका नाही. १७४९ मध्ये शिकारीत घोड्यावरून पडून तो गेला आणि त्याच्या विधवेने त्याचे राजकीय कागद जाळून टाकले, असं सांगितलं जातं. गोष्ट खरी असो वा नसो, वेल्सच्या या सर्वांत बलाढ्य राजकारण्याचा पत्रव्यवहार त्याच्या वजनाच्या मानाने फारच तुटपुंजा उरला आहे. बंडात गुंतलेल्या माणसाच्या घरी पत्र म्हणजे फाशीचा पुरावा. ते चुलीत गेलं तर नवल नाही.

त्याच्या मुलाला राजकारणापेक्षा नाटक, संगीत आणि चित्रांची हौस. १७७० मध्ये तो वयात आला तेव्हा विनस्टेला झालेल्या मेजवानीला १५,००० माणसं जेवली, असं तेव्हाच्या नोंदी सांगतात. जाताना कर्ज ठेवून गेला. त्याची बायको शार्लट ही पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिलची मुलगी, आणि आपल्या दप्तराची खरी सुरुवात तिच्यापासून होते. नवरा १७८९ मध्ये गेल्यावर तिने मुलांना पत्रांच्या दोरीने बांधून ठेवलं. थोरला सर वॉटकिन जहागीर आणि डेन्बीशरची खासदारकी सांभाळत होता, मधला चार्ल्स लंडनच्या राजकारणात होता, धाकटा हेन्री परदेशी वकिलातींमध्ये. आई आणि तीन मुलांमधल्या पत्रांची एक निवड १९२० मध्ये पुस्तकरूपाने छापून निघाली. मला त्या पत्रांमध्ये मायेपेक्षा हिशेब जास्त दिसतो: कुणाचं मत कुणीकडे झुकतंय, कोणतं पद रिकामं होतंय, मामा काय म्हणतो. मामा म्हणजे लॉर्ड ग्रेनव्हिल, १८०६–०७ चा पंतप्रधान. भाचा चार्ल्स त्याच सरकारात गृहखात्याचा उपसचिव होता.

इतकी पत्रं लिहिली का जात, हे कळायला तेव्हाचं टपाल पाहावं लागतं. १८४० पूर्वी ब्रिटनमध्ये टपालखर्च साधारणपणे पत्र घेणारा भरायचा, आणि तो अंतरावर व कागदाच्या पानांवर ठरायचा. पाकीट वापरलं तर तेही एक पान धरलं जाई. म्हणून एकच मोठा ताव घ्यायचा, तीन बाजूंवर लिहायचं, चौथ्या बाजूवर पत्ता, मग घडी घालून लाखेची मोहर. जागा संपली तर ताव आडवा फिरवून लिहिलेल्या ओळींवरच काटकोनात पुन्हा लिहायचं. अशी पत्रं वाचताना आजही डोळे फुटायची वेळ येते. खासदाराला मात्र ठरावीक संख्येपर्यंत टपाल फुकट होतं: दिवसाला १० पत्रं पाठवायची, १५ घ्यायची, वजनाची मर्यादा पाळून. अट एवढीच की पूर्ण पत्ता, गाव आणि तारीख त्याने स्वतःच्या हाताने लिहायची आणि खाली सही करायची. साहजिकच खासदाराचे मित्र, नातलग, मित्रांचे नातलग सगळे त्याच्या सहीमागे रांग लावायचे. घराण्याच्या दप्तरात बाहेरच्यांची इतकी पत्रं का, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

या रांगेतला सर्वांत नामवंत माणूस म्हणजे कवी रॉबर्ट साउदी. दोघे वेस्टमिन्स्टर शाळेतले दोस्त. शाळेच्या छड्यांवर टीका करणाऱ्या लेखापायी साउदीला १७९२ मध्ये काढून टाकलं. हाती पैसा आल्यावर विनने या मित्राला वर्षाला १६० पौंड द्यायला सुरुवात केली. हेतू असा की त्याने वकिली शिकावी. साउदी वकील काही झाला नाही. तो कविता लिहीत राहिला आणि विन पैसे देत राहिला. १८०७ मध्ये विनने त्याला सरकारी पेन्शन मिळवून दिलं. नावाला २०० पौंड, कापाकापी होऊन हाती १४४. तेव्हा कुठे साउदीने मित्राची मदत थांबवायला सांगितलं. वेल्सचा राजपुत्र मॅडॉक अमेरिकेत पोचला या दंतकथेवरचं साउदीचं महाकाव्य १८०५ मध्ये छापलं गेलं, ते विनला अर्पण केलेलं आहे. साउदीची त्याला आलेली पत्रं अ‍ॅबरिस्टविथच्या संग्रहातला सर्वांत जास्त वाचला गेलेला भाग असावा. विनसाठी नव्हे, साउदीसाठी.

खुद्द विन संसदेच्या कामकाजाचे नियम आणि पूर्वीचे दाखले तोंडपाठ असणारा माणूस. १८०८ मध्ये गरीब वेड्यांसाठी परगण्याच्या करातून रुग्णालयं उभारायची मुभा देणारा कायदा त्याने करून घेतला, आणि माझ्या मते त्याच्या नावावर जमा करावं असं हेच सर्वांत भलं काम. १८१७ मध्ये तो सभापतिपदासाठी उभा राहिला आणि हरला. आवाज चिरका होता, त्यावर जॉर्ज कॅनिंग या राजकारण्याने कोटी केल्याचं प्रसिद्ध आहे.

१८२२ च्या सुरुवातीला ग्रेनव्हिल गटाने लॉर्ड लिव्हरपूलच्या सरकारशी सौदा केला. गटाचा म्होरक्या बकिंगहॅम याला ड्यूकचा किताब, विनला बोर्ड ऑफ कंट्रोल आणि मंत्रिमंडळात जागा, हेन्रीला स्वित्झर्लंडची वकिलात. हेन्रीच्या पगारावरून त्याच वर्षी संसदेत गदारोळ झाला. बकिंगहॅमचं एवढ्याने पोट भरलं नाही. त्याला हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल व्हायचं होतं. लॉर्ड अ‍ॅमहर्स्टला ब्रह्मी युद्धाच्या गोंधळावरून परत बोलवायचं घाटत होतं तेव्हा त्याने विनमागे टुमणं लावलं. विनला ते जमलं नाही आणि दोघांचं बिनसलं. मंत्रिमंडळात काय शिजतंय ते विन बकिंगहॅमला कळवत असे. त्यातली पुष्कळ पत्रं पुढे बकिंगहॅमच्या वारसाने छापली.

अध्यक्षाच्या हाती वशिला केवढा होता याचा हिशेब पक्का आहे. कंपनीच्या नोकरीत नव्या मुलांच्या नेमणुका करायचा हक्क २८ वाट्यांत विभागलेला असे. त्यातले दोन वाटे बोर्डाच्या अध्यक्षाचे, दोन कंपनीच्या चेअरमनचे, दोन त्याच्या डेप्युटीचे आणि उरलेल्या २२ डायरेक्टरांचा एकेक. मुंबई, मद्रास किंवा बंगालच्या फौजेतली कॅडेटची जागा म्हणजे मध्यमवर्गीय घरातल्या धाकट्या मुलाची आयुष्यभराची सोय. मॉन्टगोमरीशरच्या मतदाराला आपला खासदार या खुर्चीत बसल्यावर काय वाटलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

याच काळातला एक कायदा थेट आपल्याकडे पोचतो. १८२६ मध्ये विनने हिंदुस्थानातल्या ज्यूरीचा कायदा आणला. कलकत्ता, मद्रास आणि मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयांत (मुंबईचं तेव्हा नुकतंच, १८२४ मध्ये सुरू झालं होतं) एतद्देशीयांना ज्यूरीत बसता येऊ लागलं, पण ग्रँड ज्यूरी (खटला उभा राहावा की नाही हे ठरवणारी) फक्त ख्रिस्ती लोकांची, आणि ख्रिस्ती आरोपीचा खटला फक्त ख्रिस्ती ज्यूरीसमोर. हिंदू-मुसलमानांचा न्याय ख्रिस्ती माणूस करणार, उलट मात्र नाही. राजा राममोहन रॉय यांनी १८२८ मधल्या एका पत्रात विनचं नाव घेऊन या धर्मभेदावर टीका केली. १८३२ च्या कायद्याने ही अट गेली, आणि त्याच कायद्याने जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्या मुंबईकरांना जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे मानद दंडाधिकारी, व्हायची वाट मिळाली. आपल्याकडे या कथेचा दुसरा भाग सांगितला जातो, पहिला गाळला जातो.

हेबरची गोष्ट त्या मानाने सौम्य आहे. रेजिनल्ड हेबर हा शेजारच्या श्रॉपशरचा पाद्री, विनचा जुना स्नेही. कलकत्त्याच्या बिशपची जागा रिकामी झाल्यावर विनने त्याला विचारलं. हेबरने आधी नाही म्हटलं, मग होकार दिला. १८२५ मध्ये तो मुंबईला आला, एल्फिन्स्टनचा पाहुणा झाला, घारापुरी पाहिली, पुण्याला जाऊन आला, आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्रिचनापल्लीला स्नानाच्या कुंडात मरण पावला. त्याचं प्रवासवर्णन १८२८ मध्ये छापलं तेव्हा विनला लिहिलेली पत्रंही त्यात घातली. सरकारी खलित्यांत सापडणार नाही असं मोकळं निरीक्षण त्यांत आहे. १८२३ मध्ये लंडनला रॉयल एशियाटिक सोसायटी निघाली, तिचा पहिला अध्यक्षही विनच; १८४१ पर्यंत तो होता. मुंबईची लिटररी सोसायटी याच काळात तिची शाखा बनली, आणि टाउन हॉलमधली आजची एशियाटिक ती हीच.

विनस्टेवर घाला आला तो ६ मार्च १८५८ च्या सुमारास. आगीत वाड्याचं ग्रंथालय खाक झालं. सतराव्या शतकात लान्सिलिनच्या विल्यम मॉरिसने जमवलेली वेल्श हस्तलिखितं सभापती विल्यम्सने विकत घेतली होती. त्यातली बहुतेक गेली. एडवर्ड लुइड या थोर भाषापंडिताच्या संग्रहातले काही कागद फिरत फिरत विनस्टेला आले होते, तेही गेले. चार्ल्सचं बिऱ्हाड मात्र वेगळं, लान्गेद्विनला. भावाच्या वाड्यात राहिला असता तर त्याचंही दप्तर बहुधा त्या राखेत मिळालं असतं.

उरलेल्या कागदांचा कल जमीनदाराच्या बाजूचाच आहे. १८७० च्या दशकातल्या गणनेत विनस्टेकडे सुमारे १,४५,००० एकर जमीन होती. वेल्समध्ये एवढी कुणाकडेच नव्हती. १८५९ मध्ये वेल्समधल्या मेरियनेथ परगण्याच्या निवडणुकीत धन्याच्या उमेदवाराला मत न देणाऱ्या काही कुळांना विनस्टेने आणि रिवलास जहागिरीने जमिनीवरून काढलं. मतदान तेव्हा उघड होतं, कोण कुणाला मत देतं ते छापून येई. काढून टाकलेल्यांमध्ये मायकल डी. जोन्सची आई होती. त्याच जोन्सच्या पुढाकाराने १८६५ मध्ये वेल्श लोक पॅटागोनियाला वसाहत करायला गेले. कुळांची बाजू भाडेवह्यांत मिळत नाही. ती शोधायची तर १८९३ ते १८९६ मध्ये वेल्सच्या जमीन आयोगापुढे झालेल्या साक्षी वाचाव्या लागतात.

१८७२ मध्ये गुप्त मतदान आलं. १८८० मध्ये चार्ल्सचा मुलगा, कोएडमाएनचा चार्ल्स वॉटकिन, मॉन्टगोमरीशरमध्ये लिबरल स्टुअर्ट रेंडेलकडून हरला. ८१ वर्षं ती जागा विन घराण्यात होती. डेन्बीशरमध्ये १८८५ मध्ये तेच झालं. याच रेंडेलने पुढे अ‍ॅबरिस्टविथची टेकडीवरची जागा ग्रंथालयासाठी घेऊन दिली. विनांचं दप्तर आज त्याने दिलेल्या जमिनीवर आहे.

मुंबई इलाख्याच्या १८२२ ते १८२८ या वर्षांवर काम करणाऱ्याला बोर्ड ऑफ कंट्रोलचे सरकारी कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या ‘एफ’ विभागात मिळतात, आणि आपल्याकडचे अभ्यासक तिथे जातातही. अध्यक्षाची खाजगी बाजू मात्र अ‍ॅबरिस्टविथला आहे. मराठी संशोधनाच्या तळटिपांत ते नाव माझ्या तरी फारसं पाहण्यात नाही.