पाली शिलालेख

पाली भाषेत दगडावर कोरलेले बौद्ध लेख. महाराष्ट्रात कार्ले, नाशिक, जुन्नर येथील लेण्यांतल्या लेखांनाही सर्रास हेच नाव देतात, पण ते ब्राह्मी लिपीतले प्राकृत लेख आहेत. गल्लत होण्यासारखे साम्य मात्र आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहावर ‘वेजयंतितो सेठिना भूतपालेना सेलघरं परिनिठपितं जंबुदिपम्हि उतमं’ असे वाचायला मिळते. वैजयंती नगरीच्या भूतपाल श्रेष्ठीने (सावकाराने) जंबुद्वीपातले हे उत्तम शैलगृह पुरे केले, असा अर्थ. यातला ‘म्हि’ हा सप्तमीचा प्रत्यय पालीतही आहे. ‘सेट्ठिना’, ‘उत्तमं’ यांतले द्वित्त (दुहेरी व्यंजन) इथे दिसत नाही, पण तेवढ्यावरून भाषा ठरवू नये. द्वित्त न लिहिण्याची तेव्हाची पद्धतच होती. नाशिकच्या 10 क्रमांकाच्या लेण्यात नहपान या शक राजाचा जावई उषवदात याच्या संस्कृतमिश्रित लेखात ‘क्षत्रपस्य’ येते, तिथे शंका उरत नाही: पालीत ‘क्ष’ही नाही आणि ‘स्य’ही नाही.

लेणी, पाण्याची पोढी (टाके), जमीन यांच्या दानाची नोंद लोकांच्या बोलीजवळच्या प्राकृतात होई. पाली ही ग्रंथांची भाषा, म्हणून भारतात ती दगडावर आली तीही बुद्धवचन म्हणून. सारनाथला दगडी छत्राच्या तुकड्यावर कुषाणकालीन ब्राह्मीत ‘चत्तारिमानि भिक्खवे अरियसच्चानि’ ही चार आर्यसत्ये कोरली आहेत. कोरणाऱ्याने एके ठिकाणी ‘भिक्खवे’चे ‘दिक्खवे’ केले आहे. असे दोष मूळ वाचनात तसेच ठेवून दुरुस्ती कंसात देतात.

पालीला स्वतःची लिपी नाही. थायलंडमधील द्वारवती राज्याच्या काळातल्या दगडी धर्मचक्रांवर ती दक्षिण भारतातल्या पल्लव वळणाच्या अक्षरांत आहे. म्यानमारमध्ये बगान येथील म्याझेदी स्तंभावर (इ.स. 1113 च्या सुमारास) राजपुत्र राजकुमाराने केलेल्या दानाचा एकच मजकूर पाली, मोन, प्यू आणि बर्मी भाषांत चार बाजूंना आहे, प्यू भाषा उलगडली ती या जोडीमुळेच. बगो येथील धम्मचेती राजाच्या 15 व्या शतकातील कल्याणी लेखाच्या 10 शिळांपैकी पहिल्या 3 पालीत, उरलेल्या मोनमध्ये आहेत. मंडालेच्या कुथोडॉ पॅगोड्यातल्या 729 संगमरवरी शिळा प्राचीन नव्हेत, 19 व्या शतकातल्या आहेत, पण अख्खे तिपिटक (तीन भागांचा बौद्ध धर्मग्रंथ) दगडावर आहे ते तिथे: विनय 111, सुत्त 410, अभिधम्म 208.

वाचनासाठी ठसा घेतात. दगड पाण्याने व मऊ ब्रशने धुऊन त्यावर ओला कागद बसवतात, ब्रशने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत दाबतात आणि जरा सुकल्यावर बोळ्याने शाई लावतात. अक्षरे पांढरी उमटतात. कागद फार ओला असेल तर शाई पसरून खाचांत उतरते, पुरा वाळला तर सुटून सरकतो. सर्वात फसवे ते टिंब: अनुस्वार आणि दगडातला खळगा ठशावर सारखेच दिसतात, म्हणून शंकेचे अक्षर तिरप्या उजेडात मूळ दगडावरच तपासावे लागते. खडूने अक्षरे भरून वाचू नये. वाचणाऱ्याची चूक पुढच्या प्रत्येक छायाचित्रात पक्की होते.