विल्यम्स सिंड्रोम आणि मेंदूतला चेहऱ्यांचा भाग : पार्श्वभूमी
विल्यम्स सिंड्रोम म्हणजे जन्मतःच काही जीन्स गायब असल्यामुळे होणारा विकार. तो असलेल्यांच्या मेंदूत चेहरे ओळखणारा भाग इतरांच्या दुप्पट मोठा असतो, हे एवढंच वाचलं की वाटतं जीन गेले, भाग वाढला, विषय संपला. पण त्या 'दुप्पट'चा अर्थ लावायचा तर मागे काय काय झालं ते बघायलाच हवं.

सुरुवात झाली हृदयापासून. १९६१ साली न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या ग्रीन लेन हॉस्पिटलमधल्या डॉ. विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी चार पेशंट्सबद्दल लिहिलं, चौघांचीही महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) झडपेच्या जरा वर अरुंद, चेहरेपट्टी एकमेकांसारखी आणि बौद्धिक वाढ मागे. पुढच्याच वर्षी जर्मनीत डॉ. बॉयरेन यांनीही तसेच पेशंट नोंदवले. कारण सापडलं ते मात्र १९९३ मध्ये, सातव्या क्रोमोसोमच्या एका प्रतीतला छोटा तुकडा गायब असतो आणि त्यात इलास्टिनचा जीन असतो, रक्तवाहिन्या लवचिक ठेवणारं प्रोटीन बनवणारा. हृदयाचं कोडं त्याने सुटलं, पण तुकड्यात साधारण २६ ते २८ जीन्स असतात, त्यातला कुठला मेंदूवर परिणाम करतो ते कळेना, त्यामुळे मेंदूचं कोडं तसंच राहिलं.

मेंदूकडे लक्ष वेधलं ते कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटच्या उर्सुला बेलुगी यांनी, १९८० च्या दशकात. त्यांना दिसलं की या मुलांना ठोकळे लावून नमुना बनवता येत नाही, हत्ती काढायला सांगितला तर सोंड एकीकडे पाय दुसरीकडे, आणि तीच मुलं वेगवेगळ्या उजेडात वेगवेगळ्या बाजूने काढलेल्या फोटोंमधून तोच चेहरा शोधायच्या टेस्टमध्ये मात्र जवळजवळ सगळ्यांइतके मार्क आणतात. शिवाय अनोळखी माणसाकडेही आपणहून जायचं, टक लावून त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं, हे अगदी लहानपणापासून.

दुसरीकडे चेहऱ्यांचा अभ्यास आपल्या वाटेने चालला होता. १९४७ मध्ये जर्मन डॉक्टर बोडामर यांनी मेंदूला इजा झाल्यावर ओळखीचे चेहरेच ओळखू न येणाऱ्यांचं वर्णन केलं, आणि १९९७ मध्ये अमेरिकेत नॅन्सी कॅनविशर यांच्या टीमने एमआरआयमध्ये १५ पैकी १२ जणांत मेंदूच्या खालच्या बाजूला, जास्त करून उजवीकडे, एक ठिकाण दाखवलं जे इतर वस्तूंपेक्षा चेहरे बघताना खूप जास्त पेटतं. फ्युजिफॉर्म फेस एरिया ते हेच. लगेच वाद सुरू झाला, हा भाग जन्मतःच चेहऱ्यांसाठी राखलेला की ज्यात आपण तरबेज होतो त्या कशासाठीही? संशोधक इझाबेल गोतिए या दुसऱ्या, म्हणजे तरबेजपणाच्या बाजूने होत्या.

या वादात विल्यम्स सिंड्रोम ओढला जाणारच होता. बुद्धी कमी पण चेहरे शाबूत, म्हणजे तो भाग स्वतंत्र, असं काहींना सरळ वाटलं. लंडनच्या मानसशास्त्रज्ञ ॲनेट कार्मिलॉफ-स्मिथ यांनी याला जोरदार हरकत घेतली, मार्क सारखे म्हणजे रस्ता सारखा असं होत नाही, ही मुलं कदाचित चेहरा तुकड्यातुकड्याने बघत असतील, आणि पहिल्या दिवसापासून वेगळ्या वाटेने वाढलेल्या मेंदूला मोठेपणी इजा झालेल्या मेंदूचं माप लावायचंच नाही. २००३ मध्ये मानसशास्त्रज्ञ हेलन टेगर-फ्लसबर्ग यांनी उलट दाखवलं की विल्यम्स असलेले इतरांसारखाच अख्खा चेहरा बघतात. तुकड्यांबद्दल टेगर-फ्लसबर्ग यांचं बरोबर असेल, पण मला स्वतःला कार्मिलॉफ-स्मिथ यांचा मूळ मुद्दा पटतो, कारण त्या मुलाची अख्खी वाढ बघतात, नुसता मार्क नाही.

मग २००५ मध्ये दिसलं की भीतीदायक चेहरे बघताना विल्यम्स असलेल्यांचा अमिग्डाला (मेंदूतला भीती-धोका हेरणारा भाग) कमी पेटतो आणि भीतीदायक दृश्यं बघताना जास्त, म्हणजे अनोळखी माणसाचा धाक का वाटत नाही याचा एक धागा मिळाला. आणि २०१० मध्ये स्टॅनफर्डच्या गोलारी यांच्या टीमचा तो 'दुप्पट'वाला निकाल आला, शिवाय ज्यांचा उजवा भाग मोठा त्यांना चेहरेही जास्त चांगले ओळखता येत होते. गंमत म्हणजे याच टीमने २००७ मध्ये दाखवलं होतं की साध्या मुलांमध्येही हा भाग मोठेपणापर्यंत वाढतच राहतो. मग जीन्समुळे भाग मोठा झाला, की तान्हेपणापासून चेहऱ्यांकडेच बघत बसल्यामुळे?

हे ठरवायला त्याच मुलांचे स्कॅन लहानपणापासून वर्षानुवर्षं घ्यावे लागतील. २०१० चा अभ्यास मोठ्या माणसांवर होता. आणि विल्यम्सच्या मुलांना मोठे आवाज अजिबात सहन होत नाहीत, त्यात एमआरआयचं मशीन केवढं धडधडतं, आत न हलता पडून राहायचं म्हणजे त्या लेकरांची परीक्षाच.